अकरा जणांचा गट आणि त्रेचाळीस मार्क

पत्र

ताई, नमस्कार. मी एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. राहायला इंदिरानगरला आणि शाखा पिंपळगाव बसवंतला. गेल्या खेपेला जेएआयआयबीचे, म्हणजे बँकेतल्या लोकांसाठी असते त्या परीक्षेचे, चारही पेपर दिले. पीपीबीला (बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार) ५२ आणि आरबीडब्ल्यूएमला (रिटेल बँकिंग आणि वेल्थ मॅनेजमेंट) ५६ पडले, ते सुटले. इकॉनॉमीच्या पेपरला ४७ आणि एएफएमला (अकाउंटिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट) ४३, हे दोन राहिले. आता मेच्या परीक्षेसाठी आम्ही अकरा जणांनी मिळून अभ्यासाचा गट केलाय. दर रविवारी सकाळी दोन तास माझ्या घरी बसतो. पहिले दोन-तीन रविवार छान गेले. आता असं झालंय की आमच्यातले एक स्केल-टू (मॅनेजर दर्जाचे) साहेब, ज्यांचं जेएआयआयबी कधीच झालंय, ते मार्गदर्शन करायला येतात आणि दीड तास तेच बोलतात. शिकवतात छान, पण आम्ही नुसते ऐकतो. प्रत्येकाला एकेक मोड्यूल वाटून दिलं होतं, त्यात दोघांनीच नोट्स काढल्या आणि बाकीचे त्यांचे फोटो काढून नेतात. उरलेला वेळ बदल्या आणि प्रमोशनच्या गप्पांत जातो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पीडीएफचा ढीग साचलाय, उघडून कुणी बघत नाही. नवरा म्हणतो, तुमच्याकडे अभ्यास कमी आणि पोहेच जास्त होतात. गट सोडून एकटीनं अभ्यास करू का? आणि सोडायचा नसेल तर साहेबांना काय आणि कसं सांगू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

तुमचे चार आकडे मी आधी कागदावर मांडले. ५२, ५६, ४७ आणि ४३, बेरीज १९८. ही परीक्षा घेणाऱ्या आयआयबीएफचा नियम तुम्हाला माहीत असेलच. प्रत्येक पेपरला ५० मार्क हवेत, नाहीतर एकाच खेपेत प्रत्येक पेपरला किमान ४५ आणि सगळे मिळून ५० टक्के हवेत. म्हणजे एएफएमला दोनच मार्क जास्त पडले असते तर तिथे ४५ झाले असते, बेरीज चारशेपैकी २०० झाली असती आणि इकॉनॉमीच्या ४७ सकट सगळी परीक्षा सुटली असती. जखमेवर मीठ चोळायला सांगत नाहीये. दोन मार्क अडतात ते बहुतेक वेळा धडा वाचला नाही म्हणून अडत नाहीत. 'अगं थांब, हप्ता महिन्याचा विचारलाय की वर्षाचा ते बघ' असं वेळेवर टोकणारं कुणी भेटलं नाही म्हणून अडतात. गटाचं काम एवढंच, पण ते एकट्यानं होत नाही. आता दोन पेपर सुटल्यामुळे सरासरीचा टेकू गेलाय, राहिलेल्या दोन्हींना ५०च लागतील. म्हणून गट सोडू नका. पण आहे तसा चालू ठेवू नका.

तुमच्या रविवारचा हिशेब करा. १२० मिनिटांतली ९० साहेबांची. उरली ३०, ती दहा जणांत वाटली तर माणशी तीन मिनिटं, त्यातही बदल्यांचा विषय निघणार. तीन मिनिटांसाठी सिडकोतून, नाशिकरोडहून माणसं उठून येतात आणि तुम्ही सातला कांदा चिरायला घेता.

साहेब छान शिकवतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि गोची तिथेच आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. तुमच्या हॉलमधून उठताना सगळ्यांना 'आज मस्त समजलं' वाटतं ना, ते पाच मिनिटांतलं आहे. परीक्षा मे महिन्यात आहे.

तेव्हा पहिला बदल असा, की बैठकीत शिकवणं बंद. वाचायचं ते घरी, आपापलं, आपल्या वेळेला. बैठकीत पुस्तक मिटलेलं असेल आणि प्रत्येकाचं तोंड आणि पेन उघडं असेल. मी बरीच वर्षं बँकेतल्या नव्या मुलामुलींना ट्रेनिंग दिलंय आणि माझं मत ठाम आहे. ज्या गटात एक जण सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात, त्या गटाचा फायदा फक्त त्या सांगणाऱ्याला होतो. तुमच्या गटात तर सांगणाऱ्याची परीक्षा आधीच झालेली आहे!

दुसरा बदल संख्येचा. अकरा फार झाले. चार बरे, पाच चालतील. मात्र गट पाडताना कोण कुणाच्या शाखेतलं, कोण कुणाची मैत्रीण, हे बघू नका. कुणाचा कुठला पेपर राहिलाय ते बघा. ज्यांचं एएफएम अडलंय ते एकीकडे, पीपीबीवाले दुसरीकडे. अकरा जणांत दोन-तीन गट सहज होतील, आणि कुणाला काढलं असंही दिसणार नाही. कुणी नोट्स लपवू लागलं तर त्याला आठवण करून द्या, की एमपीएससीसारख्या इथे मोजक्या जागा नाहीत. शेजारच्याला सत्तर पडले म्हणून तुमचं इन्क्रिमेंट जात नाही.

मोड्यूल वाटून घेण्याची पद्धत सगळीकडे चालते, आणि मला ती अजिबात पटत नाही. प्रत्येक पेपरची चार मोड्यूल, गटात माणसं चार, म्हणजे वाटणी सोयीची वाटते खरी. होतं असं की ज्याला टॅक्सेशन आणि कॉस्टिंग आलं त्याला तेवढंच येतं आणि बाकीचे त्याच्या अक्षरातल्या नोट्स चाळतात. नोट्स काढताना जो विचार होतो तो काढणाऱ्याच्याच डोक्यात राहतो, फोटोत येत नाही. वाटून घ्यायचेच असतील तर प्रश्न वाटून घ्या. धडा सगळ्यांनी वाचायचा आणि बैठकीला येताना प्रत्येकानं त्यावरचे दहा प्रश्न स्वतः तयार करून, हातानं लिहून आणायचे. हीच प्रवेशाची अट. प्रश्न आणले नसतील त्याला चहा मिळेल, बसायला मिळणार नाही. फोटो काढणारे आपोआप सरळ होतील, नाहीतर आपोआप यायचे थांबतील. दोन्हीत तुमचं भलंच आहे.

प्रश्न कसा असावा याचा एक नमुना देते. 'बँक रिकन्सिलिएशन म्हणजे काय?' हा प्रश्न नव्हे, ते कॅशबुक आणि पासबुकाचा मेळ घालण्याच्या धड्याचं शीर्षक झालं. प्रश्न असा काढा: एका व्यापाऱ्यानं पुरवठादाराला ४०,००० रुपयांचा चेक दिला. महिनाअखेरपर्यंत तो पास व्हायला आलाच नाही. व्यापाऱ्याच्या कॅशबुकात बँकेची शिल्लक १,१०,००० आहे, तर पासबुकात किती? उत्तर १,५०,०००, कारण बँकेला चेकचा पत्ताच नाही. हे जमलं की तोच प्रश्न ओव्हरड्राफ्टवर फिरवा. कॅशबुकात १,१०,००० चा ओव्हरड्राफ्ट असेल तर पासबुकात किती? इथे निम्मे लोक परत १,५०,००० म्हणतील. उत्तर ७०,००० चा ओव्हरड्राफ्ट असं आहे, कारण चेकचे ४०,००० बँकेनं अजून दिलेलेच नाहीत. गंमत म्हणजे बँकेत काम करणारेच इथे जास्त चुकतात. आपण वर्षानुवर्षं काउंटरच्या आतून बघतो. ग्राहकाची ठेव आपल्या लेखी देणं, म्हणून क्रेडिट. त्याच्या वहीत तीच रक्कम डेबिट असते. एएफएमचा हा प्रश्न सोडवताना काउंटरच्या बाहेर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तुम्ही आत उभ्या आहात हे शेजारचा सांगतो तेव्हाच कळतं.

आता प्रत्यक्ष बैठक. पहिली पंचवीस-तीस मिनिटं पूर्ण शांतता. आलेल्या प्रश्नांतून निवडलेले वीस-पंचवीस प्रश्न, प्रत्येकानं आपल्या कागदावर सोडवायचे. कुणी कुणाला विचारायचं नाही, 'अरे हे सोपंय' असंही म्हणायचं नाही. मग उत्तरं एकदम उघडायची. ज्या प्रश्नावर चौघांचं एकच उत्तर आहे आणि ते बरोबर आहे, तो सोडून द्या, त्यावर एक शब्द बोलू नका. उत्तरं वेगळी आली की बैठक खरी सुरू होते.

उदाहरण घ्या. पाच लाखांचं कर्ज, वर्षाला १२ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत, दरमहा हप्ता किती? एक जण ११,१२२ म्हणेल, दुसरा ११,५५९. दोघांनीही सूत्र तेच वापरलंय. दुसऱ्यानं वर्षाचा हप्ता काढला, तो आला सुमारे १,३८,७०५, आणि त्याला बारानं भागलं. पहिल्यानं व्याज दरमहा एक टक्का धरलं आणि हप्ते साठ, त्याचं बरोबर. आता ज्याचं चुकलं त्यालाच विचारायचं, 'कुठे घसरलास?' बरोबरवाल्यानं गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड असतं, कारण येणाऱ्याला सांगायची भारी घाई असते. चुकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं 'कर्ज दर महिन्याला कमी होतंय, मी ते वर्षभर तेवढंच धरलं' असं म्हटलं की ती चूक बहुधा परत होत नाही. या एका प्रश्नावर दहा मिनिटं गेली तरी जाऊ देत. परीक्षेत सुमारे शंभर प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात, तिथे ही दहा मिनिटं मिळणार नाहीत.

प्रत्येकाची एक चुकांची वही असू द्या. तारीख, प्रश्न, आपलं चुकीचं उत्तर आणि कारण एका ओळीत. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या वहीतल्या पाच प्रश्नांनी करायची. सगळ्या ग्रुपवर साचलेल्या पीडीएफपेक्षा ही शंभर पानी वही तुम्हाला जास्त कामाला येईल.

शेवटची वीस मिनिटं कॅल्क्युलेटरची. परीक्षेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालत नाही, साधा, जास्तीत जास्त आठ क्रियांचा, बारा अंकी चालतो. म्हणून अभ्यासाला मोबाइल हातात घेऊच नका. वरच्या गणितात १.०१ चा साठावा घात लागतो. साध्या कॅल्क्युलेटरवर साठ वेळा गुणत बसायची गरज नाही. १.०१ आणि गुणिले दाबून बरोबरचं बटण दाबत गेलं की घात वाढत जातो. काही मॉडेलवर गुणिले दोनदा दाबावं लागतं, ते आपल्यावर तपासून घ्या. पंधराव्या घातापर्यंत जा, १.१६०९७ येईल. त्याचा वर्ग केला की तिसावा, परत वर्ग केला की साठावा, सुमारे १.८१६७. ज्याला हे आधी जमेल त्यानं बाकीच्यांच्या बोटांकडे बघायचं, कागदाकडे नाही. चूक बोटांत असते.

तुमच्याकडचे लोक रेपो रेटवरही वाद घालत असणार. कालच्या पतधोरणात काय झालं यावर अर्धा तास जातो, हे मी पाहिलंय. आयआयबीएफनं स्वतःच सांगून ठेवलंय की फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षांना आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतच्याच घडामोडी धरल्या जातात. तुमच्या मेच्या इकॉनॉमीच्या पेपरला कालचा दर लागणार नाही. एकदा बसून ३१ डिसेंबरचे आकडे एका पानावर काढा आणि तो विषय बंद करा.

आठवून लिहिलेल्या जुन्या प्रश्नांच्या ज्या फायली फिरतात, त्यांच्याबद्दल एवढंच सांगते, की त्यातली उत्तरं कुणी तपासलेली नसतात. कुठल्या धड्यावरून विचारतात हे कळण्यापुरत्या त्या बघा, उत्तर मात्र पुस्तकातून शोधा. चुकीची उत्तरं असलेली एकच फाइल अकरा जणांनी पाठ केली तर अकराही जण एकाच जागी चुकतात.

भाषेचा एक मुद्दा राहतो. परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत आहे, मराठीत नाही. चर्चा बिनधास्त मराठीत करा, भांडण मराठीतच चांगलं जमतं. पण प्रश्न आणि चारही पर्याय मात्र आहेत तसे, मोठ्यानं, शेवटपर्यंत वाचायचे. प्रश्नात बारीकसा 'नॉट' असतो, आणि घाईत तो डोळ्यांतून निसटतो. दुसऱ्यानं वाचला की कानाला ऐकू येतो. आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असूनही दर खेपेला कुणीतरी प्रश्न सोडून येतं. तेवढं बजावून ठेवा.

दर रविवार हवाच असं नाही. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते, त्या दोन दिवशी पूर्ण बैठक ठेवा. रविवार घराला द्या. मधल्या दिवसांसाठी तुमच्याकडे एक चांगली सोय आहे, ती तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. पिंपळगावला तुम्ही रोज कशा जाता? नाशिकहून पिंपळगाव-ओझरच्या शाखांना जाणारी माणसं बऱ्याचदा एकाच गाडीत असतात. महामार्गाला लागल्यापासून शाखा येईपर्यंतचा वेळ प्रश्न विचारण्यासाठी उत्तम आहे. द्वारका चौकात अडकलात तर आणखी पाच प्रश्न होतील. फक्त गाडी चालवणाऱ्याला इकॉनॉमीचेच विचारा, त्याला वार्षिक हप्त्याचं गणित घालू नका. संध्याकाळी परतताना मात्र कुणाला काही विचारू नका. डे-एंड करून, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करून निघालेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही.

मार्चचं आत्ताच ठरवा. १५ मार्चनंतर बैठक ठेवली तर कुणी येणार नाही आणि न आल्याची अपराधी भावना तेवढी राहील, त्यातून गट मोडतात. क्लोजिंग संपेपर्यंत बैठक नाही, फक्त रोज फोनवर पाच प्रश्न, एवढं आधीच जाहीर करा. मग एप्रिलमध्ये निदान दोनदा पूर्ण दोन तासांचा सराव पेपर, घड्याळ लावून, कॉम्प्युटरवर. मोबाइलवर आडवं पडून दिलेला पेपर मोजू नका.

जागा. हे मी जरा रागानं लिहितेय. दर वेळी तुमच्याच घरी का? यजमानीणबाईंचं अर्धं लक्ष गॅसकडे असतं, आणि नापास होण्याची चैन तुम्हालाच सगळ्यात कमी परवडणारी आहे. आळीपाळीनं बसा. अभ्यासिका आपल्याकडे गल्लोगल्ली झाल्यात, पण तिथे बोलता येत नाही. त्या वाचायला चांगल्या, भांडायला उपयोगाच्या नाहीत. कुणाच्या सोसायटीचा हॉल किंवा क्लब हाउस सकाळी रिकामं असतं, ते विचारा. खायचं काही करू नका, चहा आणि बिस्किटं पुरे. मिसळीला जायचं असेल तर उठल्यावर सगळे मिळून गंगापूर रोडला जा आणि बदल्यांच्या गप्पा तिथे करा. त्या गप्पाही लागतात, नोकरीत त्याशिवाय चालत नाही. फक्त मिसळ आधी ठेवली की नंतर कुणाला गणित सुचत नाही.

राहिले साहेब. त्यांना 'तुम्ही फार बोलता' असं सांगायचं नाही, तुमच्या पुढच्या बदलीवर त्यांची सही असू शकते. आणि तो माणूस सुट्टीच्या दिवशी येतो, त्याच्या मनात चांगलंच आहे. त्यांना काम द्या, मान देऊन द्या. ते पंच. प्रश्न त्यांनी निवडायचे, वेळ त्यांनी लावायची, आणि चौघांचं भांडून झालं की शेवटचा शब्द त्यांचा. मग ते बोलतील ते पाचच मिनिटं, पण त्या वेळी सगळे कान देऊन ऐकत असतील. ग्रुपवर लिहिण्याआधी त्यांना वेगळा फोन करा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. असं म्हणा: "साहेब, तुम्ही सांगितलं की आम्हाला लगेच पटतं, आणि मग आम्ही डोकंच चालवत नाही. यापुढे आधी आम्हाला चुकू द्या. तुम्ही प्रश्न काढा आणि शेवटी निकाल द्या." बहुतेक साहेब याला हो म्हणतात. हे नाही म्हणाले, तर एएफएमचा चार जणांचा गट वेगळ्या दिवशी बसवा आणि रविवारी अधूनमधून त्यांचंही ऐकायला जा.

त्यांचा होकार आला की ग्रुपवर एवढाच निरोप टाका:

"मार्चच्या आधी हातात थोड्याच बैठका आहेत. राहिलेल्या पेपरनुसार दोन-तीन छोटे गट करू. बैठक दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी आठ ते दहा. प्रत्येकानं स्वतः लिहिलेले दहा प्रश्न आणि साधा कॅल्क्युलेटर आणावा. साहेब पंच राहतील. कुणाचा कुठला पेपर बाकी आहे ते आज रात्रीपर्यंत कळवा. यावेळी माझ्याकडे जमणार नाही, कुणाच्या सोसायटीत हॉल मिळत असेल तर सांगा."

निरोप सोमवारी किंवा मंगळवारी टाका, शुक्रवारी रात्री टाकलात तर शनिवारी सगळे सवयीनं विचारतील की उद्या तुझ्याकडेच ना. आणि ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना परत विचारू नका. जे चार-पाच जण कळवतील, तोच तुमचा गट.